निळा, लाल आणि पश्चिमेची भिंत

जुन्या प्रोसेसरवरचा, उष्णता वाहून नेणारा लेप वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, पण सगळीकडे सारख्या नाही. मधोमध नखाएवढी जागा अजून ओलसर करडी होती. कडेकडे रंग फिका होत गेला होता आणि उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात लेप मुळात पोचलाच नव्हता. तिथला धातू कोरा होता. सारिकाने तो प्रोसेसर खिडकीच्या उजेडात तिरपा धरला आणि पुन्हा एकदा नीट पाहिला.

"हितू, हा कोपरा इतकी वर्षं कोरडाच राहिला होता बघ."

"राहिला असेल." हितेंद्र स्क्रू एका वाटीत गोळा करत होता. "मी जोडलेलं पहिलं मशीन ते. तरी चाललं की नाही?"

"चाललं. भट्टीसारखं तापत होतं, पण चाललं."

"धुळ्याला नेऊन तू त्याच्याकडून लेकीचे गृहपाठ आणि शाळेचे पेपरच काढून घेतलेस. तेवढ्याला ते तापायचं काही कारण नव्हतं. रुसलं असेल."

सारिका हसली. ते मशीन कशासाठी जोडलं होतं हे दोघांनाही ठाऊक होतं. लग्नाआधी, जळगावलाच, तिने रसायनशास्त्रात पीएचडीला नाव नोंदवलं होतं. तेव्हा हितेंद्र नुकता दुकानात हाताखाली काम शिकत होता, आणि पहिल्या कमाईतून एकेक सुटा भाग आणत त्याने बहिणीला हा संगणक जोडून दिला होता. पुढे लग्न झालं, धुळ्याला बिऱ्हाड झालं, मयुरी झाली, सासऱ्यांचं दुखणं निघालं, शाळेत विज्ञानशिक्षिकेची नोकरी लागली. नोंदणीची मुदत संपून गेली ते कळलंसुद्धा नाही.

आता हितेंद्रचं स्वतःचं दुकान होतं, खाली दुकान आणि वर घर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो दरवर्षी मुऱ्हाळी होऊन धुळ्याला बहिणीला आणायला जाई. या वर्षी येताना त्याने तिच्या बॅगेबरोबर तो जुना संगणकही गाडीत टाकला होता. "यंदा आखाजीला साडी नाही," त्याने गाडीतच सांगून टाकलं होतं. "यंदा तू प्रोसेसर सांगायचा. निळा की लाल, एवढंच सांगायचं. बाकी माझ्याकडे लागलं."

निळा आणि लाल ही त्यांच्या बाजारातली नावं. जगात घरगुती संगणकांचे मोठे प्रोसेसर करणाऱ्या कंपन्या दोनच, आणि हितेंद्रच्या गल्लीत त्यांची खरी नावं कोणी घेत नसे. डब्याच्या रंगावरून एक निळा, एक लाल. अमुक दुकानदार निळेवाला, तमुक लालवाला, आणि गिऱ्हाइकाला दुसऱ्या रंगाचा माल विकला तरी स्वतःच्या घरी कोणी रंग बदलत नसे.

पीएचडी पुन्हा सुरू करायचं मनात येऊन तीन वर्षं झाली, तरी सारिकाचं मात्र ठरलं नव्हतं. तिला हवं होतं ते काम नेमकं होतं. केळी पिकताना एक वायू सोडतात, आणि केळीच्याच पेशीतल्या एका प्रथिनात त्या वायूसाठी खोबण असते. वायू तिथे बसला की फळाला पिकायचा निरोप मिळतो. त्या खोबणीत वायूऐवजी दुसरा एखादा निरुपद्रवी रेणू बसवता आला, तर निरोप उशिरा पोचेल आणि फैजपूरचं केळं दूरच्या बाजारापर्यंत हिरवं जाईल. असे हजारो रेणू संगणकावर एकेक करून त्या खोबणीत बसवून पाहायचे, हा तिचा विषय. एकेक रेणूचं गणित सुटं असतं, म्हणून ज्या प्रोसेसरमध्ये जास्त कोर, म्हणजे गणित करणारे भाग, त्यात एका वेळी जास्त रेणू तपासून होतात. म्हणून मोठाच प्रोसेसर हवा होता. घरात गेम खेळणारं कोणी नव्हतं.

मोठा म्हणजे कोणता, इथेच गाडं अडे. ती परीक्षणं वाचायची, आलेख बघायची. निळ्यात कोर जास्त, पण निम्मे थोरले आणि निम्मे धाकटे. लालमध्ये सगळे सारखे, वर प्रोसेसरच्या पोटातली जवळची स्मृती मोठी. निळा वीज जास्त खातो म्हणावं, तर पुढच्या हिवाळ्यात नवी पिढी येणार असायची. ती आली की लालची घोषणा व्हायची. कुंदा मॅडमचा दर दिवाळीला फोन येई आणि सारिका दर दिवाळीला सांगे, "मॅडम, संगणक घेतला की लगेच सांगते."

डॉ. कुंदा मॅडम तिच्या मार्गदर्शक. तिचं नाव नोंदवलं तेव्हाही त्याच होत्या, आणि "परत ये" म्हणणाऱ्याही त्याच. या चैत्रात मात्र त्यांचा स्वर वेगळा होता. निवृत्ती जवळ आली होती. नियमानुसार यानंतर त्यांना नवा विद्यार्थी घेता येणार नव्हता, आणि एकच जागा उरली होती.

"आखाजीपर्यंत थांबते," त्या म्हणाल्या होत्या. "आखाजीच्या संध्याकाळी मला हो किंवा नाही सांग. नाहीतर भडगावची एक मुलगी आहे, चांगली आहे, तिला घेते. तिला ताटकळत ठेवणं बरं नाही."

आज आखाजी होती.

सकाळी घागर पुजून झाली होती. वडिलांच्या नावाच्या घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं होतं, आंब्याच्या रसाचा नैवेद्य दाखवला होता. अंगणातल्या निंबाला झोका बांधला होता आणि मयुरी गल्लीतल्या मुलींबरोबर तिथून हलत नव्हती. त्यांची आई, लताबाई, अंगणातल्या चुलीवर उलटं खापर ठेवून मांडे भाजत होत्या. ओसरीच्या सावलीत पुरुषांचा पत्त्यांचा डाव बसला होता. आखाजीला पत्ते खेळले तर बायका वर्षातून एकदा काही बोलत नाहीत, त्याचा पुरेपूर फायदा चालला होता.

डावातून उठून गिरधर आत दुकानात आला. हा हितेंद्रचा लहानपणापासूनचा दोस्त. लग्नाच्या चित्रफिती जोडून देण्याचा त्याचा धंदा होता आणि तो कट्टर लालवाला होता. खांद्यावर त्याने स्वतःचा संगणक पोत्यासारखा आणला होता.

"ताई, हा घ्या तुमचा जावई."

"आणि हा माझा," हितेंद्रने स्वतःचा निळा संगणक टेबलावर सरकवला. "आज होऊन जाऊ दे. ताई म्हणते, परीक्षणांवर विश्वास नाही. डोळ्यांनी बघायचंय."

"विश्वास आहे," सारिका म्हणाली. "पण ती परीक्षणं ज्या खोलीत होतात तिथे बावीस अंश असतात. आपल्याकडे?"

तिघांनी भिंतीवरच्या तापमापकाकडे पाहिलं. दुपारचे दोन वाजून गेले होते आणि पारा त्रेचाळीसच्या जरा पुढे होता.

"आपल्याकडे प्रोसेसर नाही, पापड भाजायचे," गिरधर म्हणाला.

सारिकाने कामाला हात घातला तशी दोघांची बडबड कमी झाली. तिने दोन्हींवर एकाच मापाचे, उष्णता ओढून घेणारे हीटसिंक बसवायला लावले, एकाच नळीतला लेप, वाटाण्याएवढा. दोन्हींना सारखीच स्मृती. तिच्याजवळचे तेच ते रेणू, तीच खोबण, गणित सुरू करायचा आकडासुद्धा तोच. पाण्याचा कूलर बंद केला, कारण त्याची हवा एका बाजूला जास्त जात होती.

"ताई, नवरा निवडताना एवढं पाहिलं होतं का?" गिरधरने कपाळ पुसत विचारलं.

"तिथे नमुना एकच दाखवला होता."

बाहेर खापराशी बसलेल्या लताबाईंना ऐकू गेलं. "आणि तो तरी आम्ही दाखवला म्हणून! नाहीतर तू अजून तक्ता करत बसली असतीस."

पहिल्या फेरीत निळ्याने बाजी मारली. थोडीथोडकी नाही, चांगली. गिरधरचं तोंड उतरलं. हितेंद्र ओसरीवर जाऊन डाव मोडून सांगून आला, तशी तिथली दोन माणसं पत्ते हातात घेऊनच आत डोकावली.

"झालं तर मग," हितेंद्र परत येत म्हणाला. "निळा. ताई, बोलून टाक."

"थांब. जागा बदला."

"कशाची जागा?"

"मशीनची. निळा इकडे, लाल तिकडे. आणि पुन्हा."

"अगं, जागा बदलून आकडे बदलतात का? ताई, तुझं हे शाळेतल्या प्रयोगासारखं..."

"शाळेत हेच शिकवते मी. उचला."

दोघांनी कुरकुरत मशीन उचलली. आता लाल दाराशी आला, निळा भिंतीशी गेला. दुसरी फेरी होईपर्यंत लताबाईंनी ताटं वाढून आत पाठवली. मांडे, आमरस, कुरडया. तिघं पडद्याकडे बघत जेवले. गिरधरने रसाची वाटी अर्धीच ठेवली आणि एकदम उभा राहिला.

"लाल! लाल पुढे गेला!"

खरंच गेला होता. पहिल्या फेरीत निळा जेवढा पुढे होता, जवळजवळ तेवढाच आता लाल पुढे होता.

"तुझ्या मशीनने रस प्याला असेल," हितेंद्र म्हणाला. पण तो गोंधळला होता. त्याने आकडे वर-खाली करून दोनदा पाहिले.

सारिका उठून भिंतीशी गेली. तिने तळहात भिंतीवर ठेवला आणि लगेच काढून घेतला. ती पश्चिमेची भिंत होती. पलीकडे मोकळा प्लॉट, झाड नाही, आडोसा नाही. दाराकडच्या भिंतीवर हात ठेवला तर ती नुसती कोमट होती, कारण पलीकडे जिना होता.

"जो भिंतीशी बसला तो हरला," ती सावकाश म्हणाली. "दोन्ही वेळा."

"म्हणजे?"

"तापला की प्रोसेसर मंदावतो. म्हणजे आतापर्यंत आपण भिंत मोजली, हितू. प्रोसेसर मोजलेच नाहीत."

अंगणातून झोक्याचं गाणं येत होतं. मग गिरधर म्हणाला, "आईशप्पथ. गल्लीत सांगू नका हे. दहा वर्षं भांडतोय आपण."

तिसऱ्या फेरीला त्यांनी दोन्ही मशीन दाराकडच्या भिंतीला शेजारी-शेजारी लावली. दोघांच्या वेळेतला फरक इतका थोडा होता की चहाचा कप उचलून तोंडाला लावेपर्यंत मागच्याने पुढच्याला गाठलं. हितेंद्रने आणखी एक केलं, दोन्हींना मिळणारी वीज बऱ्यापैकी कमी करून पाहिली. वेग थोडासाच उतरला, पण पंख्यांचा आवाज एकदम बसला. त्यानंतर त्यात पाहण्यासारखं काही राहिलं नाही.

"कोणताही घे," तो म्हणाला. आवाजात जरा नाराजी होती, जशी जिंकायच्या बेतात असलेल्या माणसाची कुस्ती बरोबरीत सुटली की असते. "फक्त गार जागी ठेव. तुझ्या घरी हा जुना कुठे ठेवला होतास?"

"पुढच्या खोलीत. रस्त्याकडच्या भिंतीला."

"ती कोणत्या दिशेला?"

सारिकाने मघाशी पोळलेल्या तळहाताकडे पाहिलं. पश्चिमेला.

धुळ्याच्या त्या घरात गार खोली एकच होती, मागची, उत्तरेची. वर गच्चीवर शेजाऱ्यांच्या घराची सावली पडे. तिथे भागाबाई, तिच्या सासूबाई, निजत. सासऱ्यांचं शेवटचं दुखणं त्याच खोलीत झालं होतं. त्यांची खाट, त्यांचं कपाट, देवाचा फोटो, सगळं तिथेच होतं. ती खोली मागण्याचा विचार सारिकाच्या मनात कधी आला नव्हता, आणि आला असता तरी तो तिने बोलून दाखवला नसता. प्रोसेसरची तिने तीन वर्षं तुलना केली, पण घरातली एक खोली दुसरीशी ताडून पाहिली नाही. कारण पाहिली असती तर कोणाला तरी काहीतरी मागावं लागलं असतं.

हे कळल्यावर तिने फोन हातात घेतला आणि परत ठेवला.

"काय झालं?" हितेंद्रने विचारलं.

"काही नाही. कुंदा मॅडमना काय सांगू ते बघते."

"त्यात काय बघायचंय? निळा नाही, लाल नाही, आता कोणतं निमित्त शिल्लक आहे?" तो सहज बोलून गेला, मग बहिणीचा चेहरा बघून त्याला वाटलं की जास्त बोललो. "तसं नाही गं म्हणायचं मला."

"तसंच आहे," सारिका म्हणाली. "बरोबर बोललास."

उन्हं कलली तसा तिचा फोन वाजला. धुळ्याहून ज्ञानेश्वरचा, तिच्या नवऱ्याचा. त्याच्याकडे त्याची बहीण आखाजीला आली होती. मागे भांड्यांचा आणि हसण्याचा आवाज होता.

"काय ठरलं?" तो म्हणाला. "थांब, आई मागतेय फोन. सकाळपासून चौथ्यांदा विचारतेय."

भागाबाई अहिराणीशिवाय दुसरं काही बोलत नसत आणि फोनवर नेहमी ओरडूनच बोलत. आवाज खोलीभर पसरला.

"सारिका! लिधं का तुनं मशीन?"

"नाही, आत्याबाई. अजून नाही घेतलं."

"नही लिधं? काय करी ऱ्हायनी मंग तू तठे? झोका खेळी ऱ्हायनी का?"

"दोन्ही सारखेच निघाले, आत्याबाई. फक्त गरमी सोसत नाही त्यांना. गार जागा लागते."

"तेच सांगस मी!" भागाबाई म्हणाल्या. "मागली खोली खाली करी टाकी मी. मनी खाट पुढली खोलीमा लाई दिधी. ग्यानूनी वायरबी वढी दिधी भितमा. तठे थंड ऱ्हास, तुनं मशीन तठे ठेव."

"पण आत्याबाई, ती तुमची खोली. दुपारी पुढे किती तापतं..."

"माले काय व्हस! पुढे येनारंजानारं दिसस, दोन शब्द बोलता येस. मागे एकली पडीसन भिताडं देखू का मी?" मग त्यांचा आवाज थोडा खाली आला. फोनवर त्या हळू बोलल्याचं सारिकाला आठवत नव्हतं. "तीन सालपाईन नुस्ती मापी ऱ्हायनी तू. तुले शिकनं शे ना? मंग सांग ना एकदाव."

फोन परत ज्ञानेश्वरच्या हातात गेला.

"तू सांगितलंस का त्यांना?" सारिकाने विचारलं.

"मी? मी काय सांगणार? तू निघालीस तशी दुपारीच तिने मला खाट धरायला लावली. मला म्हणाली, पोरगी पुस्तक घेऊन घरभर गार भिंत शोधत फिरते, तुला दिसत नाही का?" तो जरा थांबला. "मला खरंच दिसलं नव्हतं. वायर मात्र जाडी टाकलीय. कोणताही रंग घे, फ्यूज उडणार नाही."

"थँक्यू," ती म्हणाली. तो शब्द त्यांच्या घरात कोणी वापरत नसे आणि तो फोनवर विचित्रच वाटला. ज्ञानेश्वर "अगं हट्" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

सारिका गच्चीवर गेली. खाली अंगणात मयुरी झोक्यावर उभी राहून उंच झोके घेत होती आणि लताबाई तिला ओरडत होत्या, पण थांबवत नव्हत्या. ओसरीवर गिरधर भिंतीची गोष्ट सांगत होता. गल्लीत सांगू नका म्हणणाराच तो, आणि ऐकणारे खो खो हसत होते. हितेंद्रने तिच्या जुन्या प्रोसेसरवरचा वाळका लेप खरवडून नवा लावला होता आणि ते मशीन पुन्हा जोडून उगाचच चालू करून पाहत होता. कोणी त्याला सांगितलं नव्हतं.

या माणसांनी आपल्याला कधी नाही म्हटलं, हे ती आठवून पाहू लागली. तिला एकही वेळ आठवेना. आपण विचारलंच नव्हतं. आणि न विचारतासुद्धा खाट हलली होती, भिंतीत वायर गेली होती, दरवर्षी दिवाळीला फोन आला होता. आपण ज्याला अडचण म्हणत होतो तिथे लोक कधीपासून जागा करून उभे होते. मग तिने कुंदा मॅडमचा नंबर लावला.

"बोल," मॅडम म्हणाल्या. त्यांच्याकडेही पाहुणे असावेत. "भडगावच्या मुलीचे वडील समोर बसलेत. लवकर बोल. संगणक घेतलास का?"

"नाही, मॅडम."

पलीकडे एक उसासा ऐकू आला. "सारिका, मग आता मी काय समजू?"

"दोन्ही प्रोसेसर सारखेच निघाले. कोणता घ्यायचा ते हितेंद्र उद्या चिठ्ठी टाकून ठरवेल, मला चालेल."

"मी प्रोसेसरबद्दल विचारत नाही."

"माहीत आहे, मॅडम." तिने कठड्यावरून खाली झोक्याकडे पाहिलं. "त्या मुलीच्या वडिलांची माझ्या वतीने माफी मागा. ती जागा मला हवी आहे. मी पीएचडी करते आहे."